अवग्रह : एका मात्रेची खूण

भातखंडे पद्धतीने छापलेली कोणतीही बंदिश घ्या. पानावर दोन ओळी जोडीने चालताना दिसतात. वर स्वर, खाली गीताची अक्षरे. या खालच्या ओळीत अक्षरांपेक्षाही जास्त वेळा भेटते ती एक वळणदार खूण : ऽ. दिसायला इंग्रजी एससारखी, त्यामुळे कित्येक पुस्तिकांत आणि वह्यांत तिच्या जागी सरळ एसच ठोकून दिलेला असतो. पण ती आपल्या घरची खूण आहे आणि तिचे नाव आहे अवग्रह. संगीताच्या वर्गात तिचा अर्थ एका वाक्यात सांगून पुढे जातात : आधीचे अक्षर एक मात्रा लांबवायचे. अर्थ बरोबर आहे. मात्र या खुणेने वेदपाठापासून व्याकरणापर्यंत आणि छंदशास्त्रापासून ताललेखनापर्यंत इतका मुलूख पाहिला आहे, की एका वाक्यात तिची बोळवण करणे मला जड जाते.

आधी तिचे काम जवळून पाहू. ‘पाऊस’ हा एवढाच शब्द आठ मात्रांत बसवला आहे, असे समजा.

मात्रा : १ २ ३ ४ । ५ ६ ७ ८
स्वर : सा रे ग – । म प म ग
अक्षरे : पा ऽ ऽ ऽ । ऊ ऽ स ऽ

चौथ्या मात्रेवर वर आडवी रेघ आहे आणि खाली अवग्रह. रेघ सांगते, की गंधार तसाच चालू ठेवा. अवग्रह सांगतो, की ‘पा’मधला आकार तसाच चालू ठेवा. दोन्ही खुणा लांबवण्याच्याच, मग दोन कशाला? याचे उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेत आहे. तिथे स्वर बदलतो, षड्जावरून ऋषभावर आणि ऋषभावरून गंधारावर जातो, पण अक्षर बदलत नाही. वर रेघ नाही, खाली अवग्रह मात्र आहे. स्वराचे आयुष्य आणि अक्षराचे आयुष्य यांचे हिशेब वेगळे असतात, आणि गाणे नावाची गोष्ट बरीचशी या दोन हिशेबांच्या फरकातून उभी राहते. एकेका स्वराला एकेक अक्षर जोडत गेलो तर आरती होईल, पाढे होतील. एका अक्षरावर चार स्वर फिरले की आलापाची वाट सुरू होते. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी हे दोन हिशेब दोन ओळींत आणि दोन खुणांत वेगळे ठेवले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत हजारांहून अधिक बंदिशी त्यांनी अशाच नोंदवल्या. त्या पुस्तकांचे मूळ लेखन मराठीत आहे, हे आपण मराठी माणसे अनेकदा विसरतो.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. अवग्रह म्हणजे दरवेळी पूर्ण मात्राच असे नाही. एका मात्रेत दोन किंवा चार गोष्टी बसवायच्या असतील तर भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली चंद्रकोर काढतात. त्या कोरीत ‘पाऽ’ असे लिहिले असेल तर अर्धी मात्रा ‘पा’ची आणि अर्धी अवग्रहाची. म्हणजे अवग्रहाला स्वतःचे माप नसते. मात्रेच्या मांडणीत त्याला जेवढी जागा मिळते, तेवढा वेळ त्याचा.

आता नाव. अव हा उपसर्ग आणि ग्रह् हा धातू. रोखून धरणे, अडवणे, वेगळे करणे असे त्याचे मूळ अर्थ. संस्कृतात अवग्रह या शब्दाचा एक ठळक अर्थ आहे अवर्षण, रोखून धरलेला पाऊस. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात पाऊस अडण्याच्या अर्थी हा शब्द कसा तयार होतो, यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. ‘रघुवंशा’च्या दहाव्या सर्गात कालिदासाने रावणाला अवग्रह म्हटले आहे : देव म्हणजे सुकू लागलेले पीक, रावण म्हणजे दुष्काळ, आणि विष्णू म्हणजे बरसून जाणारा काळा मेघ. वरच्या उदाहरणासाठी ‘पाऊस’ हा शब्द निवडला तो यामुळेच. पावसाच्या अक्षरांमध्ये अवर्षणाच्या पाच खुणा बसल्या आहेत, आणि तरीही पाऊस लांबतच चालला आहे.

या शब्दाला लेखनातली खूण व्हायच्या आधी उच्चारातली जागा मिळाली, ती वेदपाठात. ऋग्वेदाची संहिता म्हणताना शब्द संधीने एकमेकांत मिसळतात. कोणता शब्द कुठे संपतो हे हरवू नये म्हणून पदपाठ तयार झाला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. त्यात प्रत्येक पद सुटे म्हणतात, आणि सामासिक पद आले तर त्याचे दोन घटक थोडे थांबून वेगळे दाखवतात. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या मंत्रात ‘पुरोहितम्’ हे पद आहे. पदपाठात ते ‘पुरःऽहितम्’ होते. त्याच मंत्रातले ‘रत्नधातमम्’ हे ‘रत्नऽधातमम्’ होते. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह काढलेल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीत पाने उलटत गेलात तर पदपाठात अशा खुणा शेकड्यांनी दिसतील. या थांबण्याचे नाव अवग्रह. इथे ऽ म्हणजे आवाज लांबवणे नव्हे. आवाज रोखणे.

आणि किती वेळ रोखायचा? हे त्या लोकांनी मोघम ठेवले नाही. कात्यायनाच्या वाजसनेयी प्रातिशाख्यात पाचव्या अध्यायाची सुरुवातच या नियमाने होते : समासातला अवग्रह ऱ्हस्व स्वराएवढ्या काळाचा. ऱ्हस्व स्वराचा काळ म्हणजे एक मात्रा. हे वाचले तेव्हा मी चकित झालो होतो. आज सातवी-आठवीतला मुलगा पेटीच्या वर्गात ज्या खुणेला ‘एक मात्रा’ म्हणून मोजतो, तिच्या मूळ जागीही तिचे माप एक मात्राच होते. फरक एवढाच, की तेव्हा ती मात्रा शांततेची होती आणि आता ती आवाजाची आहे.

या दोन टोकांच्या मध्ये खुणेचा तिसरा संसार आहे, आणि बहुतेकांची तिच्याशी पहिली ओळख तिथेच होते : संस्कृत संधीत. पदाच्या शेवटी ए किंवा ओ असेल आणि पुढच्या पदाच्या सुरुवातीला ऱ्हस्व अ असेल, तर तो अ आधीच्या स्वरात विरून जातो. सः (संधीत सो) आणि अहम् मिळून सोऽहम्. पाणिनीच्या सहाव्या अध्यायातले ‘एङः पदान्तादति’ हे सूत्र याच पूर्वरूपाचे. जुन्या हस्तलिखितांत पुष्कळदा ही खूण घालतच नसत, वाचणाऱ्याला कळायचेच. पुढे वाचकाच्या सोयीसाठी, इथे एक अ होता आणि तो विरला, हे दाखवायला ऽ घालण्याची रीत रुळली. काही छापील ग्रंथांत दीर्घ आ विरला असेल तर दोन अवग्रह घालतात : ‘तथाऽऽत्मा’. ऱ्हस्वासाठी एक, दीर्घासाठी दोन. म्हणजे मात्रेचा हिशेब इथेही सुटलेला नाही. फक्त हा अवग्रह उच्चारात शून्य आहे. तो डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. गीतेची संथा देणारे गुरुजी मुलांना पुन्हा पुन्हा बजावतात, की ऽ दिसला म्हणून ‘ओ’ ओढू नका. संध्याकाळी तीच मुले गाण्याच्या वर्गात जातात आणि तिथे ऽ दिसूनही अक्षर ओढले नाही म्हणून बोलणी खातात.

लांबवण्याचा अर्थ मग आला कुठून? मला वाटते, त्याची एक वाट हाकेतून येते. संस्कृत व्याकरणात ऱ्हस्व आणि दीर्घाच्या पुढे प्लुत हा तीन मात्रांचा स्वर आहे. लांबून हाक मारताना वाक्याच्या शेवटचा स्वर प्लुत होतो, असे पाणिनीने आठव्या अध्यायात सांगितले आहे. प्लुताची लेखनातली खूण म्हणजे स्वरापुढे काढलेला ३ हा आकडा. ‘ओ३म्’ असे लिहिलेले आपण पाहतोच. मराठीने हा आकडा घेतला नाही. मराठी कथाकादंबऱ्यांत आणि नाटकांत शेताच्या बांधावरून कुणी ओरडते तेव्हा छापले जाते ‘आईऽऽ’ किंवा ‘अगंऽऽ’. पाणिनीने जिथे प्लुत सांगितला, नेमक्या त्या जागी मराठी वाचक अवग्रह वाचतो आणि मनातल्या मनात स्वर लांबवतो. सामवेदाच्या छापील गानग्रंथांतही ताणलेल्या अक्षरामागे ऽ आणि त्याला लागून २ किंवा ३ असे आकडे दिसतात. म्हणजे ज्या मुंबईत भातखंडे बंदिशी नोंदवत होते, तिथल्या वाचकाला ‘ऽ म्हणजे ओढ’ हे नव्याने शिकवावे लागणारच नव्हते. शिवाय निर्णयसागरसारख्या छापखान्यांतून संस्कृत ग्रंथ सतत निघत होते. ऽचा खिळा जुळाऱ्याच्या हाताशी तयार होता. नवी खूण पाडून घ्यायची तर खिळा ओतून घ्यावा लागतो, त्याला पैसा आणि वेळ लागतो. स्वरलिपींचा इतिहास लिहिताना आपण संगीतकारांच्या प्रतिभेबद्दल भरभरून बोलतो. छापखान्यातल्या घरांत काय काय पडलेले होते, याकडेही बघायला हवे.

इथे या खुणेची दुसरी वंशावळ समोर येते आणि गोष्ट खरी रंगते. ऽ या आकाराची आणखी एक खूण भारतात पूर्वापार चालत आली आहे, आणि तिचा अवग्रहाशी संबंध नाही. ती म्हणजे छंदशास्त्रातली गुरूची खूण. मराठी शाळेत वृत्ते शिकताना आपण लघूला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ काढतो. उत्तरेत हिंदीच्या वर्गात मात्र लघू म्हणजे उभा दंड ( । ) आणि गुरू म्हणजे वाकडी रेघ ( ऽ ). जुनी रीत हीच आहे : लघू सरळ, गुरू वाकडा, लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन.

छंदातून ही खूण तालात आली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आजच्या दौलताबादच्या किल्ल्यावर जाणाऱ्या मराठी पर्यटकाला भुलभुलय्या दाखवतात, मेंढातोफ दाखवतात. भारतीय संगीतशास्त्राचा एक आधारग्रंथ याच गडाच्या सावलीत लिहिला गेला, हे तिथे कुणी आवर्जून सांगताना मी ऐकलेले नाही. या ग्रंथाचा पाचवा अध्याय तालाचा. त्या परंपरेत तालाची अंगे खुणांनी दाखवतात : द्रुत म्हणजे ०, लघू म्हणजे ।, गुरू म्हणजे ऽ, आणि प्लुत म्हणजे त्याच ऽच्या डोक्यावर एक रेघ. शार्ङ्गदेवाची मात्रा मात्र आजच्यासारखी सैल नाही. मार्गतालात पाच लघू अक्षरे उच्चारायला जेवढा वेळ लागतो, तेवढी एक मात्रा. पुढे या अंगांना खाली अनुद्रुत आणि वर काकपद अशी दोन टोके जोडली गेली आणि षडंगे झाली. कर्नाटक संगीताच्या पुस्तकांत ती आजही शिकवतात : अनुद्रुत १, द्रुत २, लघू ४, गुरू ८, प्लुत १२, काकपद १६ अक्षरकाल. अनुद्रुताची खूण अर्धचंद्र, द्रुताची शून्य, काकपदाची फुली. गुरूचा ऽ मात्र तिथे वळत वळत आठच्या आकड्यासारखा झाला आहे.

आता विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी समोर ठेवा. कुरुंदवाडचे पलुस्कर (१८७२ ते १९३१) मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या पद्धतीत स्वराच्या खाली त्याच्या काळाची खूण येते. अर्धचंद्र म्हणजे पाव मात्रा, शून्य म्हणजे अर्धी, आडवी रेघ म्हणजे एक, ऽ म्हणजे दोन आणि फुली म्हणजे चार. हे आकडे षडंगांच्या शेजारी ठेवून पाहा. अर्धचंद्र, शून्य, लघू, गुरू, काकपद : प्रमाण १, २, ४, ८, १६. पलुस्करांच्या खुणा : पाव, अर्धी, एक, दोन, चार. प्रमाण तेच, आणि बहुतेक खुणाही त्याच. लघूचा उभा दंड तेवढा आडवा झाला आहे. प्लुत वगळून अख्खी षडंगे त्यांनी स्वरांखाली आणून बसवली. म्हणून पलुस्करांचा ऽ हा गुरू आहे. त्याचे माप ठरलेले आहे, दोन मात्रा.

भातखंड्यांचा ऽ हा गुरू नाही. तो स्वरांच्या ओळीत येतच नाही, अक्षरांच्या ओळीत येतो. त्याचे माप दोन मात्रा नाही. आणि त्याचे नावही व्याकरणातले आहे. एकाच पिढीतले दोन विष्णू, दोघेही मराठी, दोघांचेही ध्येय बंदिशी कागदावर आणण्याचे, आणि दोघांच्या पुस्तकांत हाच आकार दोन वेगळ्या घराण्यांतून आलेला. आज कॉम्प्युटरवर दोन्हींसाठी एकच अक्षरखूण वापरली जाते, त्यामुळे हा भेद पानावरून पुसला गेला आहे. जुनी पलुस्कर पद्धतीची पुस्तके वाचताना तो लक्षात ठेवावा लागतो. नाहीतर तालाचा हिशेब चुकतो. फुलीचीही तीच गत. भातखंडे पद्धतीत × म्हणजे सम, आणि खाली म्हणजे ०; पलुस्कर पद्धतीत समेला १ लिहितात आणि खालीला +. एका पुस्तकावर वाढलेला विद्यार्थी दुसरे पुस्तक उघडतो तेव्हा त्याची सम यायची तिथे खाली येते.

लांबवण्यासाठी दरेक परंपरेने आपापले उपाय शोधले. बंगालमध्ये ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांच्या हातून रुळलेल्या आकारमात्रिक पद्धतीत मात्रेची खूण म्हणून चक्क बंगाली आकाराचा काना वापरतात. रवींद्रसंगीताच्या स्वरलिपी त्याच पद्धतीच्या. कर्नाटक संगीताने इंग्रजी छपाईतला स्वल्पविराम आणि अर्धविराम उचलला : पहिला एका घटकाचा, दुसरा दोनांचा. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये गीताच्या अक्षरापुढे जोडरेघा किंवा लांब रेघ ओढतात. सगळे उपाय चालतात. तरी अवग्रहात एक गोष्ट आहे जी स्वल्पविरामात नाही. ग्रह् म्हणजे धरणे. स्वर ‘धरायचा’, सम ‘धरायची’, तानपुऱ्याशी सूर ‘धरून’ राहायचे, ही गाणाऱ्यांची रोजची बोली. वेदपाठ्याने पुढचे पद धरून ठेवले; गाणारा मागचे अक्षर धरून ठेवतो.

मराठी गीतांच्या बाबतीत तर अवग्रह आणखी एक काम करतो. बोलताना आपण ‘पाऊस’ या शब्दाचा शेवटचा अ उच्चारत नाही. कानाला ऐकू येते ते ‘पाऊस्’. लिहिताना मात्र तो पूर्ण ‘स’ असतो. जुन्या मराठीत हा शेवटचा अ उच्चारला जाई, आणि अभंगाची अक्षरे मोजताना तो आजही मोजावाच लागतो. वरच्या उदाहरणातल्या सातव्या आणि आठव्या मात्रेकडे पुन्हा बघा : स, ऽ. मध्यमावर ‘स’ म्हणायचा आणि गंधारावर तो लांबवायचा. काय लांबवायचे? स् तर सुरात लांबवता येत नाही, नुसता सूंऽऽ आवाज होईल. लांबवायचा तो अ, जो बोलण्यातून केव्हाच गेला आहे. भजनात ‘विठ्ठल’ म्हणताना शेवटचा ल कसा भरून येतो, ते आठवा. संधीतला अवग्रह विरलेल्या अची जागा नुसती दाखवतो. गाण्यातला अवग्रह तो अ परत उच्चारायला लावतो. चांगले शिक्षक म्हणूनच विचारतात, ‘अवग्रहावर काय म्हणतोयस?’ आकार असेल तर आकारच राहिला पाहिजे, इकार असेल तर इकार. तोंड सैल सोडले की ‘पा’चा आकार तिसऱ्या मात्रेला ‘पॉ’ होतो आणि चौथीला नुसता घशातला हुंकार उरतो. पानावर तीन अवग्रह अगदी सारखे दिसतात. ते सारख्या उजळपणाने म्हणणे याला रियाज लागतो.

मींड कुठून घ्यायची, कण कुठे लागणार, आवाज कुठे हलका करायचा, हे अवग्रह सांगत नाही. मींडेला वर कमान काढतात, कणस्वर बारीक अक्षरात स्वराच्या डोक्यावर देतात, बाकीचे गुरूच्या गळ्यातून येते. अवग्रह जबाबदारी घेतो ती फक्त काळाची, आणि ती चोख पार पाडतो. त्यामुळे हाताने उतरवून घेतलेल्या बंदिशीत चूक शोधायची झाली तर सुरुवात खालच्या ओळीपासून करावी. तीनतालाच्या एका आवर्तनात अक्षरे आणि अवग्रह मिळून सोळा घरे भरली पाहिजेत. चंद्रकोरीत बसलेली मंडळी मिळून एक घर. बेरीज पंधरा आली तर कुठेतरी एक ऽ सुटला आहे, आणि त्याच्यापुढची सगळी अक्षरे एक मात्रा आधी येऊन मुखडा समेवर पडायचा राहिला आहे. बेरीज सतरा आली तर उतरवणाऱ्याने गुरूच्या गळ्यातली एखादी ओढ मोजून लिहिण्याऐवजी ऐकून लिहिली आहे. अशा वेळी पेटी बाजूला ठेवायची, हाताने ताल धरायचा आणि सूर न लावता नुसती अक्षरे म्हणायची : पा, आ, आ, आ, ऊ, ऊ, स, अ. कोणता अवग्रह चुकला ते दोन आवर्तनांत कळते.